अंदाजपत्रकात आवाजाला ओळ द्या

आटपाडी तालुक्यात आता नवं बांधकाम म्हटलं की पत्रा. शाळेची वाढीव खोली पत्र्याची, मंगल कार्यालय पत्र्याचं, डेअरीचं शेड पत्र्याचं. दवाखान्यातली आडभिंत प्लायवूडची, नाहीतर अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या बोर्डाची. या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक होतं. त्यात पत्र्याची जाडी असते, लोखंडी अँगलचं वजन असतं, रंगाचे हात किती मारायचे तेही असतं. आत बसणाऱ्या माणसाला बाहेरचं किती ऐकू येईल, याची ओळ मात्र कुठेच नसते. ती ओळ घाला, एवढंच या आठवड्याचं मागणं आहे.

हे चैनीचं मागणं नाही. पहिली-दुसरीचं पोर मराठी वाचायला शिकतं ते आधी कानाने. मास्तरांचा नेहमीचा आवाज एका मीटरवर ६० ते ६५ डेसिबल भरतो. मागच्या ओळीपर्यंत पोचताना तो आणखी उतरतो. लहान मुलांना शब्द नीट कळायचे तर हा आवाज खोलीतल्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या गोंगाटाची मर्यादा ३५ डेसिबल सांगितली आहे. आता परतीचा मोठा पाऊस बिनअस्तराच्या पत्र्यावर कोसळू द्या. खाली ७० डेसिबल सहज ओलांडले जातात. म्हणजे गोंगाट मास्तरांच्या वर गेला. मास्तर ओरडतात, घसा बसतो, शेवटी फळ्यावर लिहून देतात आणि मुलं उतरवून घेतात. त्या तासाला शिकवणं झालं, असं हजेरीपत्रक सांगतं.

आणि पाऊस तरी आमच्याकडे थोडे दिवस. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात आणि मध्ये प्लायवूडची आडभिंत असते, तिथे वर्षभर हेच चालतं. पलीकडे पाढे सुरू झाले की अलीकडची कविता संपली. व्यंजनांचे आवाज मुळातच बारीक असतात आणि गोंगाटात तेच आधी बुडतात. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला फरक ऐकूच आला नाही, तर त्याच्या वहीतल्या लाल रेघेला जबाबदार कोण? आपण त्या मुलाला कच्चं म्हणतो. त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला कोणी गुण देत नाही.

दवाखान्याची गोष्ट याहून बोचरी आहे. लहान गावातल्या दवाखान्यात डॉक्टर एका बोर्डाच्या आड बसतात आणि बाहेरच्या बाकावर दहाजण वाट बघत असतात. आत बाईला विचारलं जातं, पाळी कधी आली, मूल का राहत नाही, नवरा मारतो का. बोर्ड वर छतापर्यंत गेलेलाच नसतो. खोट्या छताला टेकून तो थांबतो आणि त्याच्या वरच्या पोकळीतून सगळं बोलणं आरामात बाहेरच्या बाकावर उतरतं. बाई मग खरं सांगत नाही. औषध चुकीच्या दुखण्याचं मिळतं. ही चूक डॉक्टरची धरायची का सुताराची? दोघांचीही नाही. भिंत कुठपर्यंत न्यायची हे ज्याने कागदावर लिहिलं नाही, त्याची ती आहे.

जुन्या माणदेशी घरांना हा प्रश्न फारसा पडत नव्हता. हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर धाबं: तुळया, त्यांच्यावर कडीपाट किंवा चिपाडं, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जातं. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेला चार किलो. एकपदरी भिंतीचा नियम सरळ आहे. वजन दुप्पट करा, अडवणूक सहा डेसिबलने वाढते. प्रत्यक्षात पाचच धरा. चार किलोपासून धाब्याच्या वजनापर्यंत जायला जवळजवळ सात वेळा दुप्पट करावं लागतं. साधा पत्रा म्हणूनच वीस-पंचवीस डेसिबलच्या घरात रेंगाळतो आणि नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत पन्नासच्या आसपास जाते. कानाच्या भाषेत सांगायचं तर दर दहा डेसिबलला आवाज निम्मा वाटतो. वीस आणि पन्नास यांत किती अंतर पडलं, ते यावरून मोजा.

म्हणून कोणी म्हणेल, चला परत धाब्याकडे. मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो जीव गेले. वजनाने आवाज अडतो, पण तेच वजन छातीवर पडलं की माणूस उरत नाही. शिवाय दर पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती चढवायला आता घरात माणसं कुठे आहेत? निम्मी तरणी पोरं सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानांत, देशभर पांगलेली. हलकं बांधकाम आलं ते कारणांसाठी आलं. ते स्वस्त आहे, आठवडाभरात उभं राहतं, भूकंपात कमी मारतं. त्याला नावं ठेवून काही होणार नाही. हलकं ठेवूनच आवाज कसा अडवायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तरं आहेत.

आधी खोटी उत्तरं बाजूला सारू, कारण पैसे तिथेच जातात.

‘पत्र्याखाली थर्माकोल लावा, आवाज बंद.’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकवलं जातं. ते खरं नाही. थर्माकोल उन्हासाठी आहे. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पफ पॅनेलही उन्हासाठीच आहे, आणि त्या कामात ते उत्तम आहे. माणदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्याला त्याची किंमत सांगायला नको. पण पन्नास मिलिमीटरचं पफ पॅनेल आवाज अडवायला साधारण पंचवीस डेसिबलवरच थांबतं, म्हणजे नुसत्या पत्र्यापेक्षा फारसं पुढे जात नाही. कारण दुहेरी आहे. एक तर त्याचं सगळं वजन चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास. दुसरं, तो घट्ट फोम दोन्ही पत्र्यांना चिकटून असतो, त्यामुळे इकडचा पत्रा थरथरला की तिकडचाही त्याच्यासोबत थरथरतो. ऊन अडवणारं सामान आवाजही अडवेल, हा समज आपल्याकडे अभियंत्यांपासून गवंड्यांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. तो काढायला एक साधी कसोटी पुरते. सामानाच्या तुकड्याला तोंड लावून फुंका. थर्माकोलमधून श्वास पलीकडे जात नाही. त्याचे सगळे कप्पे बंद आहेत, तर त्यात हवा हलणार कशी आणि आवाज मुरणार कसा? आवाज मुरवणारं सामान ते, ज्यातून फुंकर जाते पण अडखळत जाते.

अंड्याचे ट्रेसुद्धा याच यादीतले. गावोगावी गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या निघाल्या आहेत. त्यांत धनगरी ओव्या आणि गजी ढोल रेकॉर्ड होतात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण भिंतीला ट्रे चिकटवून रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबत नाही. खोलीतला घुमारा कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं. ट्रे यांपैकी पहिलं काम थोडंसं करतात आणि दुसरं मुळीच करत नाहीत. पहिल्या कामाचं शास्त्र उभं केलं अमेरिकेत हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने. १८९५ मध्ये त्याला एक व्याख्यानगृह सोपवलं गेलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडून मोजणी केली आणि उजाडायच्या आत परत नेल्या. किती गाद्यांनी किती घुमारा जातो, हे त्याने आकड्यांत बसवलं. मोजल्याशिवाय त्याने काही विकलं नाही. आपल्या दुकानदारांकडून एवढीच अपेक्षा आहे.

आता खरी उत्तरं. हलक्या भिंतीचं मर्म दोन पदरांत आहे. एक जाड पदर करण्याऐवजी दोन पातळ पदर एकमेकांना न शिवता उभे करायचे आणि मध्ये हवेची पोकळी सोडायची. इकडचा पदर हलला तरी तिकडच्याला हलवायला मध्ये फक्त हवा उरते. त्या पोकळीत फुंकर अडखळेल असं तंतूंचं सामान सैलसर भरलं की हवेची ये-जा तंतूंत घासून थकते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत मुरते. दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये खनिज लोकर, अशी भिंत विटांच्या भिंतीच्या जवळ जाते, आणि तिचं वजन विटांच्या सातव्या-आठव्या हिश्शाचंही नसतं.

मात्र यात खाचा आहेत, आणि कामं बिघडतात ती याच खाचांत. दोन पदर आणि मधली हवा मिळून स्वतःचा एक सूर धरतात. त्या सुरावर भिंत आवाज अडवायचं सोडून तो पलीकडे पोचवते. दोन साधे पत्रे दहा सेंटीमीटरवर उभे केले तर हा सूर साधारण १३४ हर्ट्‌झवर येतो. पुरुषी आवाजाचा खर्ज तिथेच आहे. पत्र्यांऐवजी आठ मिलिमीटरचे सिमेंट बोर्ड घेतले, चौरस मीटरला अकरा किलोचे, तर तोच सूर ८० च्या आसपास उतरतो आणि बोलण्याच्या पट्टीतून बाहेर पडतो. दोन बाजूंचे बोर्ड वेगवेगळ्या जाडीचे घेतले तर आणखी बरं, कारण मग दोघांची कमजोरी एकाच सुरावर येत नाही. आणि दोन्ही बोर्ड एकाच लोखंडी पट्टीवर स्क्रूने घट्ट आवळले तर सगळी मेहनत वाया. पट्टीतून थरथर सरळ पार होते. मध्ये रबराची चकती किंवा लवचिक पट्टी हवी. ती काही रुपयांची वस्तू आहे. अंदाजपत्रकात नाही म्हणून ठेकेदार लावत नाही, आणि न लावल्याबद्दल त्याला बोलायचा हक्कही आपल्याला उरत नाही.

त्याहून मोठी खाच फटीची. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तर ती भिंत सोन्याची केली तरी वीस डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. हजारावा हिस्सा उघडा राहिला तर तीसच्या वर नाही. हे मत नाही, हिशोब आहे. नऊ चौरस मीटरच्या आडभिंतीत नव्वद सेंटीमीटरचं दार आहे आणि दाराखाली एक सेंटीमीटर फट आहे. ती फट नव्वद चौरस सेंटीमीटरची, म्हणजे बरोबर हजारावा हिस्सा. पन्नास डेसिबलची भिंत विकत घ्या, मिळतील तीस. दवाखान्याच्या दाराखाली रबरी पट्टी लावणं, बोर्डाच्या कडा सीलंटने बुजवणं, आडभिंत खऱ्या छतापर्यंत नेणं, ही तीन कामं महाग पॅनेलच्या आधी व्हायला हवीत. ती उद्या सकाळी होऊ शकतात.

छपरावरच्या पावसाला वेगळा इलाज लागतो. तिथे थेंब पत्र्याला ठोकतात आणि पत्राच आवाज काढतो. त्याची थरथर मारणारा थर पत्र्याला चिकटून हवा. टारफेल्टसारखा डांबरी थर ते काम करतो. खाली लवचिक आधारावर टांगलेलं बोर्डाचं छत आलं, की खोली माणसांची होते.

मधल्या पोकळीत काय भरायचं, हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण आटपाडीने इथे गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. बाजारात दगडापासून किंवा काचेपासून केलेली लोकर मिळते. ती कामाची आहे. पण आपल्या तालुक्यात खरी लोकर आहे, आणि तिला गिऱ्हाईक नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळपट, टोचरी. घोंगडीला ती चालायची. सणगर ती विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे, आणि कोकराच्या जावळाच्या घोंगडीला मान होता. घोंगडीचा खप आटला. आता बऱ्याच कळपांत कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती बांधावर पडते. मटणाला भाव आहे, तेव्हा ओढा माडग्याळसारख्या मेंढीकडे आहे, आणि धनगराला त्याबद्दल दोष देता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ लिहिली तेव्हा धनगरांच्या वाडीतली शाळा आणि मेंढरं हे एकच जग होतं. आज त्या शाळेला आवाज अडवायचा आहे आणि त्या मेंढराची लोकर कुजते आहे. या दोन गोष्टी एका टेबलावर आणायला कोणत्या मंत्र्याची वाट बघायची?

मेंढीची लोकर आवाज चांगला मुरवते, हा प्रयोगशाळांत तपासलेला गुण आहे. युरोपात, न्यूझीलंडमध्ये घरांच्या भिंतींत तिच्या गाद्या भरतात. तिथेही त्या गाद्यांत कापडाला न चालणारी जाड लोकर खपते. आगीच्या बाबतीत तर ती थर्माकोलच्या कितीतरी पुढे आहे. ती सहाशे अंशांच्या आसपास पेटते आणि ज्योत बाजूला घेतली की बहुधा विझते; थर्माकोल वितळतो, ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. मुलांच्या डोक्यावर यांपैकी काय असावं, हे ठरवायला समिती लागू नये. लोकरीचा शत्रू एक, कसर. त्यावर टाकणखाराचं पाणी चालतं, आणि टाकणखार म्हणजे काय हे आटपाडी-खानापूरच्या गलाईवाल्यांना शिकवायला नको. सोनं वितळवताना तोच मुशीत पडतो.

हिशोबही हाताशी आहे. साडेसात सेंटीमीटरच्या पोकळीत सैल भरायला चौरस मीटरला साधारण दोन किलो लोकर लागते. सहा मीटर लांब, तीन मीटर उंच आडभिंत म्हणजे अठरा चौरस मीटर, म्हणजे छत्तीस किलो. दख्खनी मेंढी वर्षाला अर्धा ते एक किलो देते. धुतल्यावर वजन घटतं, तेव्हा शंभर मेंढ्या धरा. शंभर मेंढ्यांची एका वर्षाची लोकर, दोन इयत्तांच्या मधली एक भिंत. तालुक्यातल्या कळपांकडे बघता ही मागणी जड नाही.

लोकर धुणं, पिंजणं, टाकणखारात बुडवून वाळवणं, एकसारख्या गादीत बसवणं, हे घरगुती काम नाही, हे मान्य आहे. कच्ची लोकर पोकळीत कोंबाल तर वास येईल, किडे पडतील, आणि पुढची वीस वर्षं लोकरीचं नाव कोणी काढणार नाही. म्हणून हे नीट व्हायला हवं. ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे. पुण्यात अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आणि त्याचं रांजणीचं प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. माल, माहिती आणि गरज तिन्ही एका दिवसाच्या प्रवासात भेटतात.

गजी ढोलाचा आणि डीजेचा धडधडाट यातल्या कोणत्याही भिंतीने थांबणार नाही. तो पन्नास ते शंभर हर्ट्‌झचा असतो आणि तिथे वजनाला पर्याय कमी. जगात त्यावर काम चालू आहे. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी विमानात वापरतात तसल्या षट्कोनी खणांच्या पॅनेलवर पाव मिलिमीटरचा रबरी पडदा ताणून बसवला. वजन सहा टक्क्यांनी वाढलं आणि ५०० हर्ट्‌झखालच्या आवाजाची पलीकडे जाणारी ऊर्जा शंभर ते हजार पटींनी घटली. रबराचा पडदा, हलका सांगाडा, मधल्या रिकाम्या खणांत हवा. यात अशक्य असं काही नाही, आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी शेवटच्या वर्षाला हे करून बघावं. तोवर डीजेचा इलाज डीजेच्याच बटणात आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, आणि शाळा-दवाखान्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. पण हा नियम आवाज करणाऱ्याला धरतो. आवाज ज्या भिंतीवर येऊन पडतो, तिच्याबद्दल २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आठव्या भागात एक सबंध प्रकरण आहे. पत्र्याच्या शाळाखोलीच्या अंदाजपत्रकापर्यंत ते पोचत नाही.

तर ओळ अशी लिहा: ‘दोन वर्गांमधील आडभिंत खऱ्या छतापर्यंत, दाराच्या फटीसह, काम झाल्यावर जागेवर मोजलेली ध्वनिरोधकता किमान ४० डेसिबल, बिलाचा शेवटचा हप्ता मोजणीनंतर.’ ‘जागेवर मोजलेली’ हे दोन शब्द सोडू नका, नाहीतर पॅनेलच्या माहितीपत्रकातला आकडा चिकटवून बिल निघेल. आणि पहिली लोकरीची भिंत एका वर्गखोलीत उभी करून तिचा तुकडा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. आकडा कमी आला तर पोकळी वाढवा, बोर्ड बदला, पुन्हा पाठवा. मेंढरांची पुढची कातरणी व्हायच्या आत हे सुरू करता येईल. लोकर तेव्हाही बांधावरच पडणार असेल, तर ती आधी सांगून ठेवा.